दाराकडे तोंड करून बसा

मार्चचा पहिला आठवडा उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. कधी राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, कधी सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष, कधी एमएसडब्ल्यूच्या शेवटच्या वर्षातली विद्यार्थिनी. ‘महिला सुरक्षेचं सर्वेक्षण करतोय, प्रश्नावली जरा बघून द्याल का?’ प्रश्नावली व्हॉट्सअ‍ॅपवर येते, गूगल फॉर्मच्या लिंकसकट. पहिला प्रश्न नाव, दुसरा मोबाइल क्रमांक, तिसरा ‘तुम्हाला सुरक्षित वाटते का? हो / नाही’. आणि दहाव्या-बाराव्या क्रमांकावर, रस्त्यावरचे दिवे आणि पोलिसांची गस्त यांच्या मध्ये कुठेतरी दडलेला, ‘तुमच्या घरात हिंसा होते का?’

मी एवढंच विचारते, की बाई हा फॉर्म कुणाच्या फोनवर भरणार? त्या फोनचा पासवर्ड आणखी कुणाला ठाऊक आहे? पलीकडे जरा वेळ शांतता असते.

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात बायकांच्या सुरक्षिततेवर काम करायला लागून मला पंधराएक वर्षं झाली. यातला बराचसा काळ प्रश्न विचारण्यात नव्हे, तर प्रश्न कुठे, कधी, कुणासमोर आणि कोणत्या शब्दांत विचारायचा हे ठरवण्यात गेला. हा लेख लिहिते आहे तो तुमच्यापैकी ज्यांना आपल्या गावात, वस्तीत, महाविद्यालयात असं सर्वेक्षण करायचं आहे त्यांच्यासाठी. आशाताई, अंगणवाडीताई, विद्यार्थी, पत्रकार, मंडळाच्या कार्यकर्त्या, कुणीही. विचारणारीने घेतलेली खबरदारी आणि हाती येणाऱ्या आकड्याचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. बाईला धोका वाटेल अशा रीतीने विचारलं, तर ती ‘नाही’ म्हणते. मग आपण ते ‘नाही’ तक्त्यात भरतो आणि गावात सगळं आलबेल असल्याचा अहवाल छापतो.

पोलिसांचा आकडा, आपला आकडा

पोलीस ठाण्यात जे नोंदलं जातं तो गुन्ह्यांचा आकडा. २०२२ साली देशभरात महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांची ४,४५,२५६ प्रकरणं नोंदली गेली, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांगतो. त्यातला सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, ‘पती किंवा नातेवाइकांकडून क्रूरता’ या शीर्षकाखाली येतो. म्हणजे पोलिसांच्या वहीतही पहिला क्रमांक अंधाऱ्या गल्लीचा नाही, घराचा आहे.

घरोघरी जाऊन विचारलं की चित्र पुष्कळ मोठं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी सांगितलं की नवऱ्याने कधी ना कधी मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती केली आहे. याच सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के जणींनी कधी कुणाची मदत मागितली नव्हती, कुणाला सांगितलंही नव्हतं. आईला नाही, बहिणीला नाही, शेजारणीला नाही. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते हातात प्रश्नावली घेऊन आलेल्या एका परक्या बाईला. ती परकी बाई उद्या तुम्ही असणार आहात.

आरोग्याच्या माणसाचं इथे काय काम, असं मला अजूनही विचारलं जातं. जळीत वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य आपल्याकडच्या केसपेपरवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलं. प्राची संघवी, कवी भल्ला आणि वीणा दास यांनी मृत्यूच्या वैद्यकीय नोंदींच्या आधारे २००१ सालचा देशाचा हिशेब मांडला, तो २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षात जळून १,६३,००० हून अधिक मृत्यू, त्यांत सुमारे १,०६,००० स्त्रिया. तरुण वयात तर एका पुरुषामागे तीन बायका. स्टोव्ह काय माणूस पाहून भडकतो? स्वयंपाक बायका करतात म्हणून त्या जास्त भाजतात हे स्पष्टीकरण थोडं खरं आहे, पण लग्नाच्या पहिल्या काही वर्षांतच एवढ्या का, याला ते पुरत नाही. असा प्रश्न उभा करणं, हेच आमचं काम.

‘हिंसा’ हा शब्द खिशात ठेवा

एका खेडेगावातल्या मुलाखतीत मी सरळ विचारलं होतं, ‘ताई, तुमच्या घरी हिंसा होते का?’ ती हसली. ‘छे हो. तसलं आमच्यात नाही. कधीमधी हात उचलतात, तेवढंच.’ तिच्या लेखी हिंसा म्हणजे टीव्हीवर दाखवतात ती. हात उचलणं म्हणजे संसार.

म्हणून नाव विचारू नका, कृती विचारा. राष्ट्रीय सर्वेक्षणातही तसंच करतात. ढकललं का, हलवलं का, अंगावर काही फेकलं का? थोबाडीत मारली का? हात पिरगाळला, केस ओढले? बुक्की मारली? लाथ मारली, फरफटत नेलं? गळा दाबला, चटका दिला? चाकू किंवा दुसरं हत्यार दाखवून धमकावलं? प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ की ‘नाही’, आणि हो असेल तर गेल्या बारा महिन्यांत किती वेळा. कृतींची अशी यादी करून मोजण्याची पद्धत अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मरे स्ट्रॉस यांनी १९७९ साली मांडली. तिच्यावर टीकाही भरपूर झाली, कारण यादी चापट मोजते, चापटीमागची दहशत मोजत नाही. पण ‘हिंसा होते का’ या एका प्रश्नापेक्षा ती लाखपटीने बरी.

‘गेल्या बारा महिन्यांत’ हेही कागदी वाटतं. आमच्या मुली ‘मागच्या गणपतीपासून आत्तापर्यंत’ असं विचारतात. सणाची खूण दिली की आठवण नेमकी येते; कुणी कुठे होतं, माहेरी गेली होती का, तेव्हा मूल पोटात होतं का, सगळं सुटत जातं.

लैंगिक जबरदस्तीचा प्रश्न शेवटी, आणि तोही आडवळणाने नाही. ‘तुमची इच्छा नसताना नवऱ्याने जबरदस्तीने संबंध ठेवले का?’ प्रशिक्षणात मुली या वाक्यावर अडखळतात, खाली बघतात, खोकतात. विचारणारीच लाजली तर उत्तर देणारीने काय करावं? आम्ही हे वाक्य एकमेकींना इतक्या वेळा म्हणायला लावतो, की त्यातला संकोच झिजून जातो. लग्नातल्या बलात्काराला आपल्या फौजदारी कायद्यात आजही अपवाद आहे. पण कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ यातल्या हिंसेच्या व्याख्येत लैंगिक छळ आहे, हे विचारणारीला पाठ हवं.

आणि एकदम मारहाणीवर उडी मारू नका. आधी तब्येत, बाळंतपणं, झोप, घरचा खर्च. मग मैत्रिणींना भेटू देतात का, माहेरी फोन करू देतात का, पैसे हातात देतात का, सारखं ‘कुठे आहेस’ विचारतात का, संशय घेतात का. इथपर्यंत आलात की पुढचं दार पुष्कळदा तीच उघडते.

एकांत मिळत नाही, तो शोधावा लागतो

दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे एकांत म्हणजे काय? माझी सुरुवातीची एक चूक अजून डोक्यातून जात नाही. चाळीतल्या एका खोलीत मी एका तरुण मुलीशी बोलत होते. घरात आम्ही दोघीच. निदान मला तसं वाटलं. पार्टिशन प्लायवूडचं होतं आणि पलीकडे तिची जाऊ भाजी चिरत होती, ते मला निघताना कळलं. मुलीने सगळ्या प्रश्नांना ‘नाही’ म्हटलं होतं. मी निमूट ‘नाही’ लिहिलं होतं. ती उत्तरं नंतर आम्ही बाद केली. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे मात्र बाद करता येत नाही.

तेव्हापासून पहिला नियम असा, की विचारणारीने दाराकडे तोंड करून बसायचं. कोण येतंय हे तिला आधी दिसलं पाहिजे. आणि बोलायला सुरुवात करतानाच त्या बाईशी ठरवून ठेवायचं, ‘कुणी आलं तर मी बाळाच्या लसीचं विचारीन, तुम्ही त्याचंच उत्तर द्या.’ सासूबाई उंबऱ्यात दिसल्या की, ‘मग गोवरची लस कधी दिली म्हणालात?’ हे इतकं सहज जमायला हवं की सासूबाईंनीही लसीकरणाच्या गप्पांत भाग घ्यावा. एकांत पुन्हा मिळालाच नाही तर मुलाखत तिथेच थांबवायची. राष्ट्रीय सर्वेक्षणातही हाच दंडक आहे. एकांत नसेल तर हिंसेचे प्रश्न विचारायचेच नाहीत.

जोडीने जा. एकीने सुनेशी बोलायचं, दुसरीने ओट्यावर सासूबाईंशी. त्यांच्यासाठी वेगळी प्रश्नावली न्या. गुडघेदुखी, बीपी, मोतीबिंदू, तंबाखूची मिश्री. ती भरपूर लांब ठेवा. पण नुसती धूळफेक म्हणून नको. त्या माहितीची खरोखर बेरीज करा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या. म्हाताऱ्या बाईने तासभर मनापासून गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगायचं आणि तुम्ही तो कागद फेकून द्यायचा, हे मला पटत नाही. शिवाय पुढच्या वेळी गावात पाऊल टाकायला तीच ओळख उपयोगी पडते.

एका घरातली एकच बाई निवडा. दोन जावांना किंवा सासू-सुनेला विचारलं, की रात्री घरात ‘तुला काय विचारलं, तू काय सांगितलंस’ सुरू होतं. सर्वेक्षणाचं नावही सौम्य ठेवा. ‘महिलांचे आरोग्य आणि जीवनानुभव’ हे पुरेसं आहे. गावच्या सरपंचाला, घरच्या पुरुषांना तेच सांगायचं. त्या बाईला मात्र एकटी असताना स्पष्ट सांगायचं, की यात नवऱ्याच्या वागण्याबद्दलचेही प्रश्न आहेत आणि तुम्ही कुठल्याही प्रश्नाला नकार देऊ शकता. संमतीची सही तिच्याकडून कागदावर घेण्याचा हट्ट धरू नका. तोंडी संमती घ्या आणि खाली विचारणारीने सही करावी. तिच्या सहीचा कागद सापडला तर तो तिच्याविरुद्धचा पुरावा होतो. नैतिक समितीला हे नीट समजावून सांगितलं तर परवानगी मिळते. समिती असलेल्या संस्थेशी जोडून घेतल्याशिवाय हे काम सुरूच करू नका, हे ओघाने आलंच. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ सालीच कौटुंबिक हिंसेच्या संशोधनासाठी सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा गाभा हाच आहे: बाईची सुरक्षितता आधी, माहिती नंतर. ती मिळवून वाचा.

फोनवरून विचारायचं असेल तर आणखी सावध राहा. ‘आत्ता बोलायला मोकळ्या आहात का?’ यावर ती ‘हो’ म्हणेल, कारण शेजारी नवरा बसलेला असेल. हो-नाहीत उत्तरं देता येतील असेच प्रश्न ठेवा. तिने फोन मध्येच ठेवला तर आपणहून परत फोन करू नका. आणि मेसेज तर नकोच.

ती ‘हो’ म्हणाली. पुढे?

यापुढच्या भागाची तयारी झाली नसेल तर सर्वेक्षण पुढे ढकला. मदतीचं ठिकाण ठाऊक नसताना जखम उघडी करणं हा गुन्हा नसेल, पण त्याच्या जवळचं काहीतरी आहे.

सर्वांत आधी ऐका. लिहिणं थांबवा, पेन खाली ठेवा. ‘मग इतकी वर्षं राहिलात कशाला?’ हा प्रश्न जिभेवर येतो, तो गिळा. ‘दोन्ही बाजूंनी समजून घ्यायला हवं’ हेही नको, ‘भांड्याला भांडं लागतंच’ तर मुळीच नको. ‘यात तुमची चूक नाही. तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत,’ इतकं पुरतं. मग विचारा, आज घरी जायला भीती वाटते का?

काही खुणा कानात ठेवा. मारहाण वरचेवर वाढते आहे का? हत्यार बाहेर आलंय का? ‘जीव घेईन’ असं म्हणतो का? गरोदरपणात मारतो का? ती वेगळी व्हायचं म्हणते आहे का? घर सोडण्याच्या आसपासचा काळच अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून ‘सोडून दे त्याला’ हा सल्ला खिरापतीसारखा वाटायचा नसतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, कधी गळा दाबला आहे का? अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिचा जोडीदाराने आधी गळा दाबला होता अशा स्त्रीचा खून होण्याची शक्यता सुमारे सातपट जास्त दिसली. गळ्यावर बाहेरून वळही नसतो कधी कधी. आवाज बसलाय, घास गिळताना दुखतंय, त्या वेळी डोळ्यांसमोर अंधारी आली होती, असं काही म्हणाली तर तिला डॉक्टरला दाखवायची व्यवस्था करा, त्याच दिवशी.

मदतीची यादी तुम्ही स्वतः फिरून तयार करा. इंटरनेटवरून उतरवलेले नंबर अर्धे बंद असतात. प्रत्येक नंबरवर फोन करून बघा, प्रत्येक ठिकाणी जाऊन बघा. जिवावर बेतलं असेल तर ११२. महिलांसाठी १८१. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी कुठे बसतात, कोणत्या वारी भेटतात, हे विचारून ठेवा. ‘कौटुंबिक घटना अहवाल’ भरून घेणं हे त्यांचं काम आहे. या कायद्याखाली बाईला राहत्या घरातून हुसकावता येत नाही, आणि तो फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, लग्न न करता एकत्र राहणारी जोडीदार यांनाही दाद मागता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. मोफत वकील फक्त गरिबांनाच मिळतो असा समज वकिलांच्या ओळखीतल्या बायकांचाही असतो. महाराष्ट्रात काही पोलीस ठाण्यांत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईत त्याची सुरुवात केली. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रं आहेत. महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पहिलं केंद्र सुरू केलं. त्यामागचा विचार साधा होता. बाई पोलीस ठाण्याची पायरी चढायला घाबरते, दवाखान्याची नाही.

हे सगळं छापलेल्या कागदावर देऊ का? मी दिलं होतं. ‘घरगुती हिंसेविरुद्ध मदत’ असं ठळक मथळ्याचं, गुळगुळीत कागदाचं पत्रक. तिने ते वाचलं, घडी केली आणि माझ्याच पिशवीत परत ठेवलं. ‘हे घरात ठेवू कुठे, ताई?’ तेव्हापासून आम्ही एक छोटी चिठ्ठी देतो. तीवर गॅसची तक्रार, रुग्णवाहिका, रेशन दुकान, वीज, दवाखाना असे दहा-बारा नंबर असतात. त्यातला कोणता कशाचा, हे तोंडी सांगायचं. चिठ्ठी फ्रिजवर लावली तरी कुणी वळून बघत नाही. ती घ्यायचीही सक्ती नाही. १८१ तर पाठही होतो.

एक कायदेशीर गोष्ट आधीच सांगून ठेवायची असते. ‘तुम्ही सांगाल ते आमच्यातच राहील’ असं सरसकट वचन देऊ नका. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. हे बोलायला बसण्याआधी सांगा. मग काय बोलायचं ते तिला ठरवू द्या.

रस्ता, बसस्टॉप आणि सातच्या आत घरात

घराबाहेरच्या सुरक्षिततेचा अभ्यास तुलनेने सोपा, म्हणून सगळे तोच करतात. करायचाच तर फॉर्म न भरता पायी करा. संध्याकाळी सातनंतर सात-आठ जणी वही घेऊन चाला. दिवा आहे का, पेटतो का, फुटपाथ कुठे संपतो, एसटी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, हाक मारली तर ऐकायला कुणी आहे का, दुकानं किती वाजता बंद होतात, दिसणाऱ्या माणसांत बायका किती. अशा पायी पाहणीची पद्धत टोरोंटोत १९८९ साली आकाराला आली, आणि आपल्याकडे ‘सेफ्टिपिन’ अ‍ॅपने २०१३ पासून ती मोबाइलवर आणली. नगरपालिकेत नेताना ‘महिला असुरक्षित’ असा ओरडा नको. खांब क्रमांकासकट बंद दिव्यांची यादी न्या. ती कामाची.

अहवाल कुणाच्या हाती पडणार याचा मात्र आधी विचार करा. एका महाविद्यालयात मुलींनी मोठ्या उत्साहाने असंच सर्वेक्षण केलं. ‘बसस्टॉप ते वसतिगृह हा रस्ता रात्री असुरक्षित’ हा निष्कर्ष निघाला. व्यवस्थापनाने त्यावर ताबडतोब कारवाई केली. वसतिगृहाची वेळ नऊवरून सातवर आणली. दिवे होते तसेच राहिले. मुलींनी माझ्याकडे तक्रार केली तेव्हा मी त्यांना शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायकांच्या फिरण्याविषयीचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक दिलं, पण खरं सांगायचं तर चूक माझीही होती. प्रश्नावलीत ‘भीती कशाची वाटते’ एवढंच होतं. ‘इथे काय बदललं तर तुम्ही रात्री दहालाही याल’ हे नव्हतं. ते घाला.

शिवाय भीती आणि धोका यांची गल्लत नको. बायका भितात अनोळखी माणसाला. पण देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या प्रकरणांत दर वर्षी नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात. २०२३ मध्ये जगभरात हेतुपुरस्सर मारल्या गेलेल्या सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींपैकी ६० टक्के जोडीदाराच्या किंवा घरच्यांच्या हातून मेल्या, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. मुलीला सातच्या आत घरात आणून आपण तिला नेमकं कुठे आणतो, हे एखाद्या पालकसभेत विचारून बघा.

आकडा वाढला म्हणून घाबरू नका

निकाराग्वात नव्वदच्या दशकात तीन अभ्यास झाले. लेओन शहरात लग्न झालेल्या ५२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगितलं, मानाग्वात ६९ टक्के जणींनी, आणि सरकारी राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात २८ टक्के जणींनी. मेरी एल्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हे तिन्ही शेजारी ठेवून पाहिले. फरक शहरांचा कमी, विचारण्याचा जास्त होता. एकांत किती, प्रशिक्षण किती, प्रश्न किती वेळा आणि किती नेमके. घाईत, शंभर प्रश्नांच्या शेपटाला जोडून विचारलेल्या प्रश्नांना ‘नाही’ जास्त मिळाली.

तेव्हा दुसऱ्या वर्षी तुमचा आकडा वाढला, तर सरपंचांनी ‘गावाची बदनामी’ म्हणून आरडाओरडा करण्याआधीच त्यांना हे समजावून ठेवा. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि त्याआधी जेमतेम ८ टक्के जणींची अशी तपासणी झाली होती. १९८९ साली हे छापून आलं तेव्हा काय त्या वर्षी एकाएकी बायका आजारी पडल्या होत्या? विचारलं कुणी नव्हतं.

माहिती जपण्याबद्दल थोडक्यात. नाव-पत्ता आणि उत्तरं कधीही एका कागदावर नको. क्रमांक वापरा, क्रमांकाची किल्ली वेगळ्या कुलपात. फोटो काढू नका, पाठमोरा सुद्धा. गावात साडीवरून माणूस ओळखतात. भरलेल्या प्रश्नावलीचा फोटो ग्रुपवर टाकणाऱ्या मुलीला मी त्याच दिवशी घरी पाठवलं आहे. अहवालात ‘गावातली एक शिक्षिका’ लिहू नका. गावात शिक्षिका एकच असते.

आणि समजा, उद्या तुमच्याच दारात कुणी असे प्रश्न घेऊन आलं, तर? संस्था कोणती, माहितीचं काय करणार, कोण वाचणार, हे बेधडक विचारा. ओळखपत्र मागा. नको असलेला प्रश्न सोडा, मध्येच उठा, कारण देऊ नका. घरच्यांसमोर विचारायला लागली तर ती अशिक्षित आहे असं समजा, पदवी कितीही मोठी असली तरी.

राहिली विचारणारी. प्रशिक्षणाला आलेल्या वीसेक मुलींमध्ये दोघी-तिघी तरी अशा असतात, ज्या स्वतः त्याच घरात परत जातात. त्या सांगत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रश्न वाचताना आवाज बदलतो, त्यावरून कळतं. एकदा एकीने सगळ्या गेल्यावर कोरी प्रश्नावली मागून घेतली, ‘घरी नाही नेत, इथेच बसून वाचते’ म्हणाली, आणि कोपऱ्यात तासभर बसली. मी दिवे मालवायचे थांबले. म्हणून अंदाजपत्रकात एका समुपदेशकाचं मानधन, आठवड्यातला एक बिनकामाचा पगारी दिवस आणि रोज संध्याकाळचा चहा या तीन ओळी घाला. पैसे देणारे आधी याच तीन ओळींवर काट मारतात. प्रवासखर्चातून रक्कम कमी करा, छपाई साध्या कागदावर करा, प्रकाशन समारंभ रद्द करा. दिवसाला चारच्या वर मुलाखती कुणाला देऊ नका, आणि चहाच्या वेळी त्या दिवशीच्या घरांबद्दल ज्यांना बोलायचं नसेल त्यांना खुशाल मालिकांबद्दल बोलू द्या.